तीन गाठी



आपल्या मराठीत ‘गाठ’ हा एकच शब्द तीन ठिकाणी राबतो. धोतर नेसताना कमरेला मारतो ती गाठ. अंगात उठते आणि डॉक्टर हात लावून बघतात ती गाठ. आणि मजल दरमजल करीत पंढरीला पोचल्यावर विठोबाची पडते, तीही गाठच. या लेखात या तिन्ही गाठींचा इतिहास सांगायचा आहे. पहिल्या गाठीने दुसरी गाठ कशी निर्माण होते हे आपल्याच मुंबईत कळले, आणि दुसरी गाठ अंगावर आलेल्या माणसाने तिसऱ्या गाठीचे काय करायचे, हा आपल्या संप्रदायातला जुना प्रश्न आहे.

खानदेशात माळकऱ्याच्या घरी कर्करोग आला की दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला शेजारी विचारतात. एवढी वर्षे माळ घातली, एकादशी चुकवली नाही, मग याच्याच वाट्याला हा रोग कसा? दुसरा प्रश्न रोगी स्वतःलाच विचारतो, तोही रात्री. दवाखान्यात गेलो तर पांडुरंगावरचा भरवसा कमी पडला असे तर होणार नाही ना? हे दोन प्रश्न वरवर भोळे दिसतात, पण त्यांच्यापायी माणसे सहा सहा महिने घरी बसतात. अंगारा लावतात, भगताकडे जातात, जखम कपड्याखाली झाकतात. कातडीचा कर्करोग डोळ्यांना दिसणारा रोग आहे. पोटातल्या रोगासारखा तो लपत नाही. तरी तो उशिरा सापडतो, याचे कारण बहुतेक वेळा लाज आणि हे दोन प्रश्न असतात.

आता इतिहासाकडे येतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे होती. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे त्यांचे काम. पण ते तुकड्यापाशी थांबले नाहीत. हा तुकडा कोणाचा, तो माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, कोणत्या मुलखातला आहे, हेही ते विचारीत गेले.

या विचारण्यातून १९४५ साली त्यांचा आणि सूर्याबाई यांचा एक निबंध अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध झाला. कर्करोगाचा चालीरीतींशी असलेला संबंध हा त्याचा विषय. भारतातले तीन नवे प्रकार त्यांनी त्यात दाखवले. खैनी ओठामागे धरून ठेवणाऱ्यांना तेथेच होणारा एक. चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा दुसरा. आणि तिसरा धोतराचा. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट धोतर बांधणाऱ्यांच्या कमरेवर, बरोबर त्या बांधाच्या रेषेत, कातडीचा कर्करोग होतो, हे त्यांनी नोंदवले. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचे नावच ‘धोती कॅन्सर’ असे पडले.

वाचकहो, या नावाशी क्षणभर थांबा. ज्या कातडीवर आपण पिढ्यानपिढ्या धोतर बांधले, तिच्यावर रोग का आला याचे उत्तर कोणाच्या पूर्वजन्मात सापडले नाही. ते बांधात सापडले. जे धोतर कीर्तनकार नेसतो तेच सावकार नेसतो. बांध दोघांनाही सारखाच काचतो.

असे जगात इतरत्रही घडले आहे. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले की, धुराडी साफ करणाऱ्या गरीब पोरांना मोठेपणी गुप्तांगाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि त्याला कारण काजळी. काश्मिरात थंडीसाठी माणसे निखाऱ्याची कांगडी फेरणाच्या आत पोटाशी धरून बसतात. तेथे पोटावर आणि मांडीवर होणाऱ्या कर्करोगाला कांगडीचेच नाव आहे. कोठे काजळी, कोठे निखारा, कोठे धोतराची गाठ. कातडी सोशिक आहे, पण तिच्या सोसण्याला हद्द आहे.

हा फक्त पुरुषांचा विषय समजू नका. साडीच्या आणि परकराच्या नाडीने होणाऱ्या याच रोगाच्या नोंदी पुढे झाल्या. अलीकडे, २०२४ साली, ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या मासिकात भारतीय डॉक्टरांनी दोन बायकांची हकीकत दिली. त्या डॉक्टरांत आपल्या वर्ध्याचेही होते. एक बाई सत्तर वर्षांची, परकराची नाडी जेथे बसे तेथे तिला दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी बाई चाळीस वर्षे लुगडे नेसत आलेली. तिच्या कमरेची जखम दोन वर्षे चिघळत होती, आणि तपासले तेव्हा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. चाळीस वर्षे लुगडे नेसलेल्या आयाबाया खानदेशात किती असतील! धुळे, जळगावच्या उन्हाळ्यात कपाशीत आणि केळीत वाकून काम करणारी बाई लुगडे सैल बांधील तर काम कसे करील? घाम, धूळ, घासणे आणि आवळणे, चारही गोष्टी एकाच रेषेवर येतात.

हे कसे घडते ते साध्या शब्दांत सांगतो. आवळलेल्या जागी कातडी आधी काळवंडते किंवा तिचा रंग जातो. मग ती जाड आणि खरखरीत होते. खाजते. मग चीर पडते. चीर भरते, पुन्हा पडते. असे वर्षानुवर्षे चालते. भरून येण्याच्या या रोजच्या खटपटीत कधीतरी कातडीतल्या पेशींचा ताळ सुटतो आणि त्या बेबंद वाढू लागतात. जखमेची कड जाड, उचललेली होते, मधूनच रक्त येते, वास येतो. बहुधा दुखत नाही, आणि तेथेच माणूस फसतो. दुखत नाही म्हणून तो थांबतो.

उपायाचा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावाने अशा वाढीचे वर्णन आहे. शस्त्राने कापावे, क्षाराने वा अग्नीने जाळावे, आणि काहीही शेष ठेवू नये, कारण शेष राहिले तर अर्बुद पुन्हा वाढते, असे सुश्रुताचार्य बजावतात. आजचा शल्यवैद्य वेगळे काय करतो? तो जखमेच्या भोवतालची थोडी निरोगी कातडीही काढतो आणि कडा तपासायला पाठवतो, कारण शेष नको. १८९५ साली क्ष-किरण सापडले, १८९८ साली रेडियम सापडले, आणि अग्निकर्माच्या जागी किरणोपचार आले. जांघेत रोग उतरला असेल तर तेथल्या गाठीही काढाव्या लागतात. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले. म्हणून ज्यांना वाटते की दवाखाना म्हणजे परक्यांची गोष्ट आणि अंगारा म्हणजे आपली परंपरा, त्यांनी सुश्रुत कोणाचा हे स्वतःला विचारावे.

माझ्यापुरते थोडे सांगतो, कारण हे केवळ वाचून लिहीत नाही. पन्नास वर्षे धोतर नेसून नारदाच्या गादीवर उभा राहिलो. कमर कसल्याशिवाय कीर्तन होत नाही. अडुसष्टाव्या वर्षी डाव्या कुशीवर, बांधाच्या जागी, एक जखम झाली आणि महिना झाला तरी खपली धरेना. धाकट्या सुनेने धुळ्याला नेले. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांत रोगाचे नाव कळले. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. मांडीची कातडी काढून तेथे लावली. जांघेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेताना नाम घेत गेलो. नामाने भूल दिली नाही, भूल डॉक्टरांनीच दिली. नामाने भीती उतरवली. दोन्ही लागतात, आणि एकाचे काम दुसरे करीत नाही.

घरी आल्यावर भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी तो पहिला प्रश्न मला तोंडावर विचारला. बुवा, आयुष्यभर नाम घेऊन तुम्हालाच हे? तेव्हा कमरेला पट्टी होती, जास्त बोलवत नव्हते. आज त्याचे उत्तर देतो.

आपल्या संतपरंपरेत कूर्मदासांची कथा आहे. पैठणचे कूर्मदास हातापायांनी अधू. लोळत, सरपटत ते पंढरीला निघाले. लऊळला पोचल्यावर पुढे जाणे होईना. तेव्हा पंढरीनाथ स्वतः लऊळला आले आणि भेटले. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली. तिच्यात एक गोष्ट ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. देवाने कूर्मदासांना हातपाय दिले नाहीत. देवाने भेट दिली. भक्तीचे फळ धडधाकट शरीर असते, तर या कथेचा शेवट वेगळा झाला असता.

दुसरी कथा आपल्या खानदेशातली. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे स्थान आहे. योगबळाने त्यांनी चौदाशे वर्षे मृत्यू चुकवला असे सांगतात. एवढे आयुष्य लाभलेला हा योगी कोणापुढे नमला? लहानग्या मुक्ताईपुढे. आणि ती मुक्ताई? कोवळ्या वयात, १२९७ साली, याच तापीकाठी विजेच्या लखलखाटात गुप्त झाली. चौदाशे वर्षे देह टिकवणारा शिष्य आणि थोड्या वर्षांत देह ठेवणारी गुरू. मुक्ताईनगरहून दर आषाढीला पालखी निघते ती मुक्ताईची. आयुष्याच्या लांबीवर कृपा मोजायची नसते, हे आपल्या मातीने फार पूर्वी ठरवून ठेवले आहे.

आता दुसरा प्रश्न. उपचार घेतला तर भरवसा कमी पडतो का? तिरुवण्णामलैचे रमण महर्षी यांच्या डाव्या कोपराजवळ गाठ आली. १९४९ या एका वर्षात त्यांच्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या, रेडियमही लावले. हात काढण्याचा सल्ला मात्र त्यांनी मानला नाही. १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला, आणि शेवटपर्यंत दर्शन बंद होऊ दिले नाही. देह म्हणजे मी नव्हे हे ज्यांनी प्रत्यक्ष जाणले होते, त्यांनीही डॉक्टरांपुढे हात केला. आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनाही शेवटी कर्करोग झाला. उपचारांची पराकाष्ठा झाली, पण यश आले नाही, आणि १९६८ साली ते गेले. गावोगावी खंजिरी वाजवून ज्यांनी लोकांना जागे केले, त्यांना झालेला रोग कोणत्या पापाचा म्हणायचा? असे म्हणायला जीभ रेटेल का?

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन केले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. तेराव्या अध्यायावर विनोबा आत्मा-अनात्म विवेक सांगतात. गीतेने तेथे देहाला क्षेत्र, म्हणजे शेत म्हटले आहे, आणि ते जाणणारा वेगळा. मी शेतकऱ्याच्या घरचा, मला हा दृष्टान्त लगेच पटतो. कपाशीवर बोंडअळी आली म्हणून शेतकरी पापी ठरत नाही. फवारणी केली म्हणून तो नास्तिक ठरत नाही. आणि फवारणी करूनही पीक गेले, तर तो शेत नव्हे, शेताचा धनी आहे, एवढे त्याच्यापाशी उरतेच. रोग्याने शेत म्हणून देहाची निगा राखावी आणि धनी म्हणून नामात राहावे. यात विरोध कोठे आहे?

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हे सारे कृतीत आणून दाखवले. नवस, अंगारा, भगत यांच्यावर त्यांच्याइतके कोरडे कोणी ओढले नाहीत. रोग्यांना औषधोपचार हाच रोकडा धर्म, असे ते सांगत. कीर्तनात जमलेला पैसा त्यांनी देवळाच्या कळसाला लावला नाही, धर्मशाळांना लावला. मुंबईत जे. जे. रुग्णालयाशी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा त्यांच्याच प्रयत्नाने झाली. आज दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत देशभरातले कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे लोक अल्प खर्चात राहतात. एका कीर्तनकाराच्या नावाखाली परप्रांतातला माणूस किरणोपचारासाठी पाठ टेकतो, यापेक्षा कीर्तनाचे फळ मोठे काय असणार? बाबांचा भरवसा देवावर होता म्हणूनच ते औषधाच्या बाजूने उभे राहिले.

आता वारकऱ्यांसाठी कामाच्या चार गोष्टी. धोतर, लुगडे सोडा असे मी म्हणणार नाही. बांधाची जागा दोन बोटे वर-खाली करीत राहा. नाडी बारीक दोरीची नको, रुंद पट्टीची घ्या. करदोडा काचत असेल तर सैल करा. संध्याकाळी कमर धुऊन कोरडी करा, आणि कातडी काळवंडली, जाड झाली तर आधीच दाखवा. महिनाभरात न भरणारी जखम ही मलमाची गोष्ट नाही, तुकडा तपासण्याची आहे.

पायांकडेही बघा. आपण मैलोन्‌मैल चालणारी माणसे, पुष्कळ अनवाणी. तळव्यावर किंवा नखाखाली काळा डाग वाढत असेल, तर तो ठेचेचा समजून सोडू नका. कातडीचा एक जहाल कर्करोग आपल्या लोकांत तळव्यावरच अधिक दिसतो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याला तोच झाला होता. १९७७ साली डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितला. ते त्यांच्या धर्मश्रद्धेत बसेना, म्हणून थोडाच भाग काढला. १९८१ च्या मे महिन्यात, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही, तीही कोणाच्या तरी चरणीच होती. पण अंगठा नसलेला भक्त आमचा विठोबा परत पाठवीत नाही. कूर्मदासांची कथा त्यासाठीच आहे.

पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. आणि दिंडीत कोणी जखम झाकून चालताना दिसला, तर त्याचे कर्म काढू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चाला. तीही वारीच.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या माळकरीण आजीला किरणोपचाराच्या वेळी कोणीतरी विचारले, भीती वाटते का? ती अहिराणीत एवढेच म्हणाली, “पांडुरंग शे ना!” आहे ना पांडुरंग. तो बरे करील, असे तिने म्हटले नाही. तो आहे, असे म्हटले. भरवसा म्हणतात तो हाच. बरे होण्याच्या अटीवर ठेवलेला भरवसा म्हणजे नवस, आणि नवसाचा संप्रदाय आपला नाही.

विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे. जुने कीर्तनकार त्याचा अर्थ सांगत आले आहेत की, भवसागर माझ्या भक्ताला एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, असे तो हातांनी दाखवतो. पाणी नाही असे तो म्हणत नाही. पाणी आहे, आणि त्यातून चालायचे आहे. तेव्हा पहिली गाठ सैल करा, दुसरी गाठ वेळेवर डॉक्टरांना दाखवा, आणि तिसरी सुटू देऊ नका.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!